हायर अँटिबायोटिक कोणासाठी?

न्यूमोनिया ओळखायला फार वेळ लागत नाही. ताप, खोकला, धाप, एक्स-रेत पांढरा डाग, बोटाला लावलेल्या यंत्रावर घसरलेला ऑक्सिजन. खरी अडचण पुढच्या पाच मिनिटांत येते, कारण औषध निवडायचं असतं आणि जंतूचं नाव अजून कोणालाच ठाऊक नसतं. तेव्हा मी रुग्णाला विचारतो, गेल्या तीन महिन्यांत कुठे दाखल होता का? डायलिसिस चालू आहे का? कोणी शिरेतून औषध दिलं होतं का? ही विचारपूस मी कितीतरी वर्षं करत आलो. ती रुग्णाच्या भल्यासाठी होती की माझ्या झोपेसाठी, हे मात्र स्वतःला कधी नीट विचारलं नव्हतं.

मी फिजिशियन आहे. शिक्षण महाराष्ट्रातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात, नोकरी बहरीनमध्ये, बिऱ्हाड ईसा टाउनला. १९६० च्या दशकात शेख ईसा बिन सलमान यांच्या काळात आखून वसवलेलं हे शहर आता शाळांसाठी ओळखलं जातं. इंडियन स्कूलचा मोठा कॅम्पस इथेच आहे, त्यामुळे मराठी कुटुंबंही इकडे वळतात. शेजारी सलमाबाद. तिथे गॅरेजं, वर्कशॉप आणि कामगारांच्या खोल्या. म्हणजे थोड्याशा टापूत मला तीन तऱ्हांचे रुग्ण भेटतात: जुन्या सरकारी घरातली बहरीनी आजी, भारतातून मुलाकडे राहायला आलेले मराठी आजोबा, आणि एका खोलीत चौघा-सहा जणांबरोबर झोपणारा वेल्डर. आजार तिघांचा एकच. मी तिघांशी सारखा वागलो का, हे तपासायचं आहे.

आमच्या राउंडवर न्यूमोनियाची तीन आखूड नावं चालतात. घरी-दारी वावरताना झालेला तो कॅप. त्यात बहुधा न्यूमोकोकस, हिमोफिलस, मायकोप्लाझ्मा, नाहीतर फ्लूसारखा विषाणू. दाखल झाल्यावर ४८ तास किंवा त्याहून जास्त वेळ उलटल्यावर सुरू झालेला तो हॅप. श्वासनलिकेत नळी घातल्यावर ४८ तासांनंतर झालेला तो व्हॅप. या दोन्हींत वॉर्डात मुरलेले जंतू असतात: स्यूडोमोनास, क्लेबसिएला, अॅसिनेटोबॅक्टर आणि एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस. पहिल्याला सेफ्ट्रायझोन आणि अझिथ्रोमायसिन पुरतं. उरलेल्या दोघांना ज्याला आपले लोक ‘हायर अँटिबायोटिक’ म्हणतात ते लागू शकतं.

२००५ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि इन्फेक्शियस डिसीजेस सोसायटी ऑफ अमेरिका यांनी आपल्या मार्गदर्शक सूचनांत चौथा प्रकार घातला, एचकॅप. आरोग्यसेवेशी संबंध आलेल्या माणसाचा न्यूमोनिया. रुग्ण आला घरूनच, पण गेल्या ९० दिवसांत दोन किंवा अधिक दिवस रुग्णालयात होता, किंवा नर्सिंग होममध्ये राहतो, किंवा गेल्या ३० दिवसांत शिरेतून अँटिबायोटिक, केमोथेरपी, जखमेची मलमपट्टी झाली आहे, किंवा डायलिसिसला जातो, तर त्याला कॅप समजू नका, हॅपसारखा समजा आणि जोरदार औषधं द्या, असा त्याचा अर्थ होता. (या व्याख्येतलं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं वीस खाटांचं खासगी रुग्णालय नव्हे. परावलंबी वृद्ध कायमचे राहतात ती जागा.)

त्याच वर्षी मरीन कोलेफ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५९ रुग्णालयांतल्या ४,५४३ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. मृत्यूचं प्रमाण कॅपमध्ये १० टक्के, हॅपमध्ये १८.८, एचकॅपमध्ये १९.८ आणि व्हॅपमध्ये २९.३. आकडे पाहून कोणीही म्हणेल, एचकॅपचा रुग्ण घरून आला असला तरी तो हॅपचाच भाऊ आहे. मीही तेच म्हटलं.

म्हणणं सोयीचं होतं. रात्रीच्या ड्यूटीत विचार करायचं कारण उरत नव्हतं. एक खूण बसली की पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम आणि जोडीला व्हँकोमायसिन. सकाळच्या राउंडला कोणी बोट दाखवायला जागा नाही. ‘सगळं कव्हर केलंय,’ असं नातेवाइकांना सांगताना आवाजात एक भारदस्तपणा येतो. तो आवाज मला आवडत असे. परदेशात नोकरी करणाऱ्या डॉक्टरला आणखी एक धास्ती असते, तिच्याबद्दल आम्ही आपसांतही कमी बोलतो. व्हिसा, करार, परवाना, मुलांची शाळा हे सगळं एका तक्रारीच्या अंतरावर आहे असं त्याला वाटत राहतं. कमी औषध दिलं आणि रुग्ण दगावला तर जाब द्यावा लागतो. जास्त औषध दिलं आणि दगावला तर ‘सगळे प्रयत्न केले’. मग मी जास्तीकडे झुकणार नाही तर काय? हे झुकणं वैद्यकीय निर्णय म्हणून केसपेपरवर लिहिलं जातं, त्यातली भीती कुठे लिहिली जात नाही.

कोलेफ यांच्या अभ्यासात ज्यांचं कल्चर पॉझिटिव्ह आलं, म्हणजे जंतू सापडला, असेच रुग्ण होते, हे मी तेव्हाही वाचलं होतं. वाचलं आणि पुढे गेलो. प्रत्यक्षात बहुतेक न्यूमोनियात जंतू सापडतच नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या सीडीसीच्या मोठ्या पाहणीत दाखल झालेल्या २,२५९ प्रौढांपैकी फक्त ३८ टक्क्यांत काही सापडलं. २३ टक्क्यांत विषाणू होते, जिवाणू ११ टक्क्यांतच. म्हणजे ज्यांच्यावर मी स्यूडोमोनास आणि एमआरएसएचं कव्हर चढवत होतो, त्यांतल्या कित्येकांना साधा जिवाणूदेखील नसावा.

मग एचकॅपचे रुग्ण जास्त का दगावत होते? २०१४ मध्ये चाल्मर्स आणि सहकाऱ्यांनी २४ अभ्यास एकत्र करून तपासले. एचकॅपच्या व्याख्येवरून औषधाला दाद न देणारे जंतू ओळखता येत नाहीत, असं निघालं. माणसं मरत होती ती वयाने, थकलेल्या हृदयाने, मूत्रपिंडाने, अंथरुणाला खिळल्याने. हे मला खरं तर एखाद्या तज्ज्ञाने सांगायची गरज नव्हती. एकाच खोलीत, ऐंशीच्या पुढची, दोन स्ट्रोक झालेली, घास गिळताना ठसका लागणारी बाई आणि तिचा पन्नाशीतला मुलगा ठेवा, दोघांना एकच जंतू द्या. कोण घरी जाईल हे नर्सलाही ठाऊक असतं. मी मात्र त्या बाईच्या म्हातारपणावर मेरोपेनेम लिहीत होतो.

सिकलसेलचे रुग्ण आठवले की मन जास्त खातं. बहरीनमध्ये हा आजार बराच आहे. इथे २००४ पासून लग्नाआधी रक्ततपासणी कायद्याने सक्तीची आहे, ती याच आनुवंशिक रक्तविकारांमुळे. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर काम केलेल्या डॉक्टरांना तो वेगळा सांगायला नको. या मुलामुलींना वर्षातून अनेकदा दुखण्याच्या झटक्यासाठी दाखल व्हावं लागतं. म्हणजे २००५ च्या व्याख्येप्रमाणे ती जवळजवळ कायमच एचकॅप. छातीत दुखलं, ताप आला, एक्स-रेत डाग दिसला की त्यांचा आजार बहुतेक वेळा अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम असतो. त्यामागे कधी मायकोप्लाझ्मा, क्लॅमिडिया, विषाणू, तर कधी हाडातल्या मज्जेची चरबी फुफ्फुसात जाऊन अडकलेली असते. तिथे प्राण वाचवतो तो वेळेवर दिलेला ऑक्सिजन, वेदना शमवणं, श्वास खोल घ्यायला लावणं आणि गरज पडली तर रक्त देणं किंवा बदलणं. अँटिबायोटिक लागतं, पण ते मुख्य पात्र नव्हे. आणि माझं लक्ष कुठे असायचं? व्हँकोमायसिनच्या डोसाच्या हिशेबात. बावीस वर्षांच्या पोराला प्रत्येक खेपेला सगळं कव्हर करत गेलो तर तिशीत पोचेपर्यंत त्याच्यासाठी राखून ठेवण्याजोगं औषध काय उरेल, हा विचार केसपेपरच्या त्या दिवसाच्या पानावर मावत नाही.

भारतातून आलेल्या रुग्णाबद्दल तर मी दुहेरी वागत आलो. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम गटातली औषधं निकामी करणाऱ्या एनडीएम-१ या विकराविषयीचा लेख आला. त्या नावात नवी दिल्ली होती, आणि आम्ही भारतीय डॉक्टर कँटीनमध्ये संतापलो. देशाच्या माथी जंतू मारला, असं मीही तावातावाने बोललो. पण महाराष्ट्रातून आलेले आजोबा दम लागून समोर आले की पहिला संशय माझाच. इथल्या सहकाऱ्याच्या आधी मी म्हणणार, हे भारतातून आलेत, कव्हर वाढवू या. यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. आपल्याकडच्या अतिदक्षता विभागांत कार्बापेनेमला न जुमानणारे क्लेबसिएला आणि अॅसिनेटोबॅक्टर रोजचे झाले आहेत. पण आजोबा अतिदक्षता विभागातून आले होते का? गावच्या डॉक्टरकडे दोन सलाईन आणि तीन इंजेक्शनं झाली होती, कशाची ते कोणी लिहून दिलं नव्हतं. पिशवीत कापलेली गोळ्यांची पाकिटं, नाव असलेला भाग नेमका कापून टाकलेला. २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे, त्यातली अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पिशव्यांमध्ये मला हा कायदा फारसा दिसलेला नाही.

अशा वेळी करायचं ते काम कंटाळवाणं आहे. गावी फोन लावायचा, मेडिकलवाल्याला शोधायचं, पाकिटाचा फोटो मागवायचा, आधीचा कल्चर रिपोर्ट असेल तर मिळवायचा. अर्धा तास जातो. मेरोपेनेम लिहायला अर्धं मिनिट लागतं. मी अर्धं मिनिट निवडत आलो, आणि त्या निवडीला सावधगिरी म्हणत आलो. आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते ती क्षयाची. लिव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध दिलं की क्षय आठ-दहा दिवस दबतो, रुग्णाला बरं वाटतं आणि निदान लांबतं. जोरदार औषध म्हणजे सुरक्षित औषध, हे गणित इथे सरळ उलटं पडतं.

आता सलमाबादचा वेल्डर. तो एकटा येतो. सोबत फार तर खोलीतला एखादा मित्र, तोही शिफ्टला निघून जातो. त्याचं कोणी मला कॉरिडॉरमध्ये गाठत नाही, कोणी दुबईतल्या चुलतभावाला फोनवर माझ्याशी बोलायला लावत नाही. त्याला मी पाठ्यपुस्तकाप्रमाणे तपासतो. तो गोंधळलेला आहे का, युरिया किती, मिनिटाला श्वास किती, रक्तदाब किती, वय काय, एवढं मोजून गंभीरपणा ठरवतो. सेफ्ट्रायझोन, अझिथ्रोमायसिन, पाच दिवस, क्षयासाठी थुंकी तपासायला. तो बरा होऊन कामावर जातो. त्याला योग्य उपचार मिळाले, कारण मला घाबरवायला त्याच्याजवळ कोणी नव्हतं. आणि ज्यांच्याभोवती माणसं होती, त्यांना मी माझ्या भीतीचं औषध दिलं. मी समजत होतो की मी गरिबाला कमी देतो आणि म्हणून मला टोचणी लागायची. नीट पाहिलं तर नुकसान दुसऱ्या बाजूचं होत होतं: व्हँकोमायसिन आणि टॅझोबॅक्टम एकत्र दिल्यावर चढणारं क्रिएटिनिन, क्लॉस्ट्रिडियमचे जुलाब, लांबलेला मुक्काम. आणि लांबलेल्या मुक्कामात होतो तो खराखुरा हॅप.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या ८८ हजारांहून अधिक न्यूमोनिया रुग्णांचा अभ्यास आला. सुरुवातीपासून एमआरएसएवरचं औषध जोडलेल्यांत मृत्यू कमी झाले नव्हते, उलट जास्त होते. अशा अभ्यासात जास्त आजारी माणसालाच जास्त औषध दिलेलं असू शकतं, ते संशोधकांनी हिशेबात धरायचा प्रयत्न केला तरी पूर्ण सुटत नाही. म्हणून मी त्यातून ‘औषधाने मारलं’ असं म्हणणार नाही. पण ‘औषधाने वाचवलं’ असं म्हणायची सोय माझ्याकडे उरली नाही, हे खरं.

एवढं सगळं झाल्यावर एचकॅप ही कल्पनाच खोटी होती, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. तेही प्रामाणिक ठरणार नाही. किंग फहद कॉजवे ओलांडला आणि सीमेवर रांग नसली तर सौदीतलं अल-अहसा इथून काही तासांच्या आत येतं. २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या रुग्णालयांत मर्स या श्वसनरोगाचा उद्रेक झाला. २३ जणांना लागण झाल्याचं सिद्ध झालं, आणि त्यांतल्या २१ जणांना ती डायलिसिस, अतिदक्षता विभाग किंवा वॉर्डात माणसाकडून माणसाला झाली होती. डायलिसिसला येणारी माणसं तीन-चार तास खुर्चीत बसून घरी जाणारी. दाखल नसलेली. शेजारच्या खुर्चीवरच्या खोकल्यातून त्यांना न्यूमोनिया मिळाला. आरोग्यसेवेने दिलेला न्यूमोनिया याहून वेगळा काय असतो? पण तो विषाणूचा होता. माझ्या मेरोपेनेमचा त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नसता. तिथे कामाला आलं असतं ते दोन खुर्च्यांमधलं अंतर, मास्क, हात धुणं, खोकणाऱ्याला आधी बाजूला बसवणं. म्हणजे व्याख्येने धोका ओळखला होता. उपाय मात्र माझ्या प्रिस्क्रिप्शनमध्ये शोधला, आमच्या वागण्यात शोधला नाही.

मला सर्वांत जास्त हेच लागतं. ‘तुम्ही तीन महिन्यांत कुठे होतात?’ असं रुग्णाला विचारताना सगळा संशय त्याच्या अंगावर जातो. तो होता आमच्याकडेच. जंतू दिला असेल तर आमच्या हातांनी, आमच्या नळ्यांनी, आमच्या एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे न धुता सरकलेल्या स्टेथोस्कोपने. इग्नाझ झेमेलवाइस यांनी व्हिएन्नात हात धुवायला लावले त्याला १८४७ पासून पावणेदोनशे वर्षं झाली. आजही माझ्या वॉर्डात हात सर्वांत कमी कोण धुतं, असं परिचारिकांना विचारलं तर त्या अदबीने गप्प बसतील. ते गप्प बसणं आम्हा डॉक्टरांबद्दल असतं.

दातांचीही तीच कथा. दाखल रुग्णाच्या तोंडातली लाळ, तिच्यात दिवसागणिक बदलत गेलेले जंतू आणि झोपेत ती हळूच फुफ्फुसात झिरपणं, हॅपची सुरुवात बहुतेक इथून होते. अलीकडे १५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात रोज दात घासून देण्याने रुग्णालयातला न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांश कमी झाल्याचं दिसलं, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत तो फायदा सर्वांत स्पष्ट होता. डोकं तीस-पंचेचाळीस अंश वर ठेवणं, लवकर खुर्चीत बसवणं, गिळता येतं का ते पाहूनच खायला देणं, ही बाकीची कामं. मी आयुष्यात हजारो प्रिस्क्रिप्शनं लिहिली. ‘रुग्णाचे दात घासा’ असं ऑर्डरमध्ये लिहायला कधी सुचलं नाही, कारण त्यात भारदस्त आवाजात सांगण्यासारखं काही नाही. ते काम आयाबाईंचं, नर्सचं, लेकीचं, सुनेचं. बहरीनी घरांत फिलिपिनो किंवा भारतीय मदतनीस बाईचं. ज्या कामाने न्यूमोनिया टळतो ते सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे, आणि झाल्यावर मान मिळतो तो माझ्याकडे.

त्याच दोन अमेरिकी संस्थांच्या २०१६ च्या सूचनांतून एचकॅप वगळला गेला. २०१९ मध्ये तर हा वर्गच सोडून द्या असं स्पष्ट सांगितलं गेलं. पूर्वी एमआरएसए किंवा स्यूडोमोनास सापडला होता का, ९० दिवसांत दाखल होऊन शिरेतून अँटिबायोटिक घेतलं होतं का, आजार किती गंभीर आहे आणि आपल्या रुग्णालयातली आकडेवारी काय सांगते, यावरून ठरवा. कल्चर पाठवा, आणि ते निगेटिव्ह आलं तर ४८ तासांत जास्तीचं औषध काढा.

काढणं हेच मला अजून जड जातं. सुरू करताना माझ्या बाजूने भीती असते. थांबवताना बाजूने फक्त एक कागद असतो, ‘नो ग्रोथ’ लिहिलेला. रुग्ण सुधारतोय, मग हात कशाला लावा, असं मन म्हणतं. सुधारला तो साध्या औषधानेही सुधारला असता, हे मनाला पटत नाही, कारण ते कधी सिद्ध होत नाही. नाकातल्या स्वॅबची पीसीआर तपासणी निगेटिव्ह आली की एमआरएसएची शक्यता फारच कमी उरते. ती तपासणी हाताशी असतानाही व्हँकोमायसिनचा आणखी एक दिवस लिहिणारा माझा हात मला ठाऊक आहे. पुस्तकातून एचकॅप गेला. माझ्या बोटांतून तो अजून गेलेला नाही. हल्ली मी एकच शिस्त लावून घेतली आहे. मोठं औषध लिहिलं की शेजारी कारण लिहायचं, आणि कारणात ‘सेफ साइड’ हे शब्द चालणार नाहीत. पुष्कळदा पेन थांबतं.

तुमचं कोणी न्यूमोनियाने दाखल असेल तर तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. जुनं डिस्चार्ज कार्ड, कल्चरचा रिपोर्ट आणि गोळ्यांची नाव न कापलेली पाकिटं सोबत आणा, मग रुग्ण साताऱ्यातून आलेला असो की सलमाबादमधून. आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरला न संकोचता विचारा: ‘कल्चरमध्ये काय आलं? आता औषध कमी करता येईल का?’ माझ्यासारख्या डॉक्टरला हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं. बहुतेक जण विचारतात ते ‘याच्याहून हायर काही आहे का?’ एवढंच.